घडीची नाव आणि तिची निगा

ज्या जिल्ह्यात पर्जन्याची वाट चातकाप्रमाणे पाहावी लागते, त्या सोलापूर जिल्ह्यात बसून आम्ही नौकेविषयी लिहावे, हे कित्येक वाचकांस विनोदाचे वाटेल. परंतु जिल्ह्याचा नकाशा पुढे घेतला की हा विनोद फार वेळ टिकत नाही. भीमा ह्या जिल्ह्यातून वळसे घेत वाहते, नीरा तिला येऊन मिळते, सीना आपला वेगळा मार्ग आक्रमिते. आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामागे तर समुद्राचा भास व्हावा असा जलाशय पसरला आहे. पंढरपुरास आलेला वारकरी चंद्रभागेच्या पैलतीरी जावयाचे झाल्यास होडीचाच आश्रय करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेस महापूर आला, तेव्हा ज्या गावांनी आयुष्यभर टँकरची वाट पाहिली होती, त्याच गावांतील माणसांना नावेची वाट पाहावी लागली. तात्पर्य, अवर्षणाचा मुलूख म्हणून नौकाविद्येशी आमचा संबंध नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

गेल्या काही वर्षांत सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळींस कयाक नामक हलकी, वल्ह्याने चालवावयाची नाव आवडू लागली आहे. त्यातही घडी घालून पिशवीत भरता येणारी, आगगाडीतून अथवा मोटारीतून नेता येणारी आणि काठावर उभी करून पाण्यात सोडता येणारी जी नाव, तिचे आकर्षण विशेष. कारण शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात अखंड नाव ठेवणार कोठे? ही वस्तू स्वस्त नव्हे. ती घरी आणताना जो उत्साह असतो, तो तिची निगा राखताना दिसत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, घडीची नाव लाटेने क्वचित बुडते. ती बहुधा घरातील माळ्यावर, ओल्या घडीतच बुडालेली असते. पाण्यावर ते केवळ उघडकीस येते.

आमच्याच नद्यांवरील पूर्वज

घडीच्या नावेचे तत्त्व असे की, तिचा सांगाडा एका पदार्थाचा आणि त्यावरील आवरण दुसऱ्या पदार्थाचे. ओंडका कोरून केलेल्या डोणीत हा भेद नसतो. येथे मात्र अस्थी वेगळ्या आणि त्वचा वेगळी. म्हणूनच ती उकलता येते व पुन्हा जुळविता येते. ही कल्पना केवळ पाश्चात्त्य आहे असा समज असेल, तर तो सोडावा लागेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सैन्याने पाणी कसे उतरून जावे हे सांगताना, पूल व नौका यांच्या जोडीस अलाबू, चर्मकरंड आणि दृती ह्या साधनांची नावे येतात. अलाबू म्हणजे भोपळा. भोपळ्यांची सांगड आमच्या खेड्यांतील पोहणाऱ्यांस अपरिचित नाही. दृती म्हणजे कातड्याची पिशवी. आणि चर्मकरंड म्हणजे कातड्याने मढविलेली वेळूची टोपली. आमच्या गृहिणींचा कुंकवाचा करंडा ह्याच करंड शब्दाच्या कुळातील होय. देवघरातील करंड्यास आणि नदीतील नावेस एकच नाव असावे, ह्यात आम्हांस मोठी गंमत वाटते.

हा चर्मकरंड ग्रंथातच राहिला असेही नाही. १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेल्या डोमिंगो पाइश ह्या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवर अशा वाटोळ्या टोपलीनावा पाहिल्या व त्यांतून माणसे आणि जनावरे पलीकडे जात असल्याचे लिहून ठेविले. कानडीत तिला हरिगोलु म्हणतात. आज कातड्याच्या जागी ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचे कापड आले आणि वर डांबराचा लेप आला. आतील वेळूची वीण मात्र तीच राहिली.

महाराष्ट्राच्या इतिहासाशीही ह्या टोपलीचा एक कटू संबंध आहे. १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला घेतल्यावर आर्थर वेलस्लीच्या सैन्यापुढे दुथडी भरलेली गोदावरी होती. प्रवरासंगमाजवळ टोके येथे त्या सैन्याने बैलांच्या कातड्यांनी मढविलेल्या टोपलीनावा जागच्या जागी तयार केल्या आणि नदी ओलांडली. महिनाभरातच, २३ सप्टेंबर रोजी, असईचे युद्ध झाले. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात ह्या नावांच्या बनावटीच्या तपशीलवार सूचना आढळतात; आणि पावसाळ्यात नद्या भरलेल्या असणे आपल्याच पथ्यावर पडते, असा त्याचा हिशेब होता. वेळू येथला, कातडे येथले, विद्याही ह्याच देशातील. परंतु पूर येण्यापूर्वी नावेची सिद्धता करण्याचे अगत्य ज्याला होते, त्याच्या बाजूने पाऊस लढला. आम्ही मात्र तहान लागल्यावर विहीर खणण्यात पटाईत!

नावेची गोष्ट राहू द्या. त्वचेची निगा म्हणजे काय हे सोलापूरकडच्या शेतकऱ्यांस मोटेमुळे उत्तम ठाऊक होते. विहिरीवर मोट चालत असे त्या काळी, कातडे कोरडे ठणठणीत होऊ दिले तर ते तडकते आणि सदा ओले ठेविले तर कुजते, हे लहान पोरही सांगू शके. फाटलेली मोट चर्मकाराकडे जाई. ती वेळेवर शिवून आली नाही तर पीक वाळे. पंपांच्या आगमनानंतर मोट गेली, आणि तिच्याबरोबर हे ज्ञानही गेले. घडीच्या नावेने ते आज नव्याने आमच्या दारात आणून उभे केले आहे.

शिंप्याच्या हातून जन्मलेली नाव

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात राहणारे इन्युइट लोक, ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणत, हे कयाकचे मूळ कर्ते. वाहत आलेल्या लाकडांचा सांगाडा करावा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून बसवावे, अशी त्यांची रीत. हे कातडे स्त्रिया शिवीत. त्यांची शिवण अशी की, सुई कातड्याच्या संपूर्ण जाडीतून आरपार जातच नसे. अर्ध्या जाडीतून ती फिरून येई, त्यामुळे पाणी शिरण्यास भोकच उरत नसे. गोठविणाऱ्या समुद्रात पतीचा जीव पत्नीच्या टाक्यावर अवलंबून होता. शिवणकामास हलके लेखणाऱ्यांनी हे एकवार मनात आणावे.

हीच युक्ती घेऊन म्यूनिक येथील आल्फ्रेड हाइरिख नावाच्या स्थापत्याच्या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये घडी घालता येईल अशी नाव केली, आणि १९०७ मध्ये तिचे हक्क रोझेनहाइम गावच्या योहान क्लेपर ह्या गृहस्थाने घेतले. क्लेपर हा व्यवसायाने शिंपी होता. सुताराने नव्हे तर शिंप्याने ती नाव जगात पसरविली, हे तिच्या स्वभावास साजेसेच झाले. ती आगगाडीच्या डब्यातून नेता येई. म्हणून यंत्रयुगातील नगरवासी माणसाला ती रुचली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये घडीच्या नावांच्या स्वतंत्र शर्यतीही झाल्या.

तिच्या सामर्थ्याची दोन उदाहरणे देतो. ऑस्कर श्पेक हा बेकार झालेला जर्मन तरुण १९३२ मध्ये उल्म गावाहून घडीची नाव घेऊन डॅन्यूब नदीत उतरला. कामाच्या शोधात सायप्रसपर्यंत जावयाचे म्हणून निघालेला हा मनुष्य पुढे युफ्रेटीस नदीतून इराणी आखातात आला, आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेकडेने १९३५ मध्ये सिंहलद्वीपास पोहोचला, आणि सप्टेंबर १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील सायबाई बेटास लागला. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यास तेथे स्थानबद्ध करण्यात आले. सात वर्षांच्या ह्या प्रवासात त्यास एकाहून अधिक नावा लागल्या, हे ध्यानात ठेवावे. त्वचेस आयुष्याची मर्यादा आहेच. दुसरा हान्नेस लिंडेमान नावाचा जर्मन डॉक्टर. त्याने १९५६ मध्ये क्लेपरच्याच नावेतून, वल्हे व लहानसे शीड यांच्या साह्याने, एकट्याने ७२ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडला.

ह्याच्या उलट उदाहरणही आहे. डिसेंबर १९४२ मध्ये ब्रिटिश नौसैनिकांची एक लहान तुकडी पाणबुडीतून फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ गेली. शत्रूची जहाजे उडविण्यासाठी सहा घडीच्या नावा त्यांनी नेल्या होत्या. पाणबुडीच्या अरुंद दारातून बाहेर काढतानाच त्यांतील एकीची त्वचा फाटली आणि ती नाव मोहिमेस जाऊच शकली नाही. पाण्याचा स्पर्शही होण्यापूर्वी नाव निकामी झाली! घडीच्या नावेस खरा धोका कोठे असतो, हे ह्यावरून दिसते.

धुणे, वाळविणे, घडी घालणे

आता मुख्य विषयाकडे वळू. ह्या नावेची तीन अंगे: सांगाडा, त्वचा आणि हवेच्या नळ्या. सांगाडा लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा असतो. त्वचेचे दोन भाग: पाण्याखालचा भाग रबरासारख्या जाड आवरणाचा, आणि वरचा भाग कित्येक नावांत सुती कापडाचा, तर कित्येकांत कृत्रिम धाग्याच्या कापडाचा. दोन्ही कडांनी आत हवेच्या लांब नळ्या असतात. त्या फुगविल्या म्हणजे त्वचा सांगाड्यावर ताठ बसते, आणि नाव उलटली तरी ती तरंगत राहण्यास साह्य होते. अस्थी, त्वचा आणि प्राण अशी ही त्रयी समजावी.

पाण्यातून बाहेर आल्यावर पहिले काम धुण्याचे. भीमेकाठची काळी माती गुळगुळीत दिसली तरी तिच्यात बारीक वाळू व शिंपांचे तुकडे असतात. ते सांगाडा आणि त्वचा यांच्या मध्ये अडकले म्हणजे प्रत्येक वल्ह्याच्या झोक्याबरोबर कानशीसारखे काम करतात, आणि त्वचा आतून झिजते. नाव उपडी करून बाहेरची माती काढणे पुरेसे नाही. आतील कोपरे साध्या पाण्याने व मऊ फडक्याने धुवावे. साबणाचा अतिरेक नको. सुती कापडास जो जलरोधक संस्कार दिलेला असतो तो साबणाने निघून जातो. मालवण-रत्नागिरीकडे समुद्रात नाव नेली असेल, तर गोड्या पाण्याने धुणे अपरिहार्य समजावे. नळ्यांच्या सांध्यात खारे पाणी सुकले की अॅल्युमिनियमवर पांढरा क्षार धरतो आणि दोन नळ्या एकमेकींस अशा घट्ट चिकटतात की, ओढून निघत नाहीत.

दुसरे काम वाळविण्याचे, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे. सोलापूरच्या उन्हाविषयी आम्ही नेहमी तक्रार करतो. परंतु येथील कोरडी हवा म्हणजे ह्या कामी देणगीच होय. कोकणात ज्यास तीन दिवस लागतील ते येथे एका दुपारी होते. मात्र वाळवावयाचे ते सावलीत आणि वाऱ्यावर. वैशाखातील प्रखर उन्हात त्वचा तासन्‌तास पसरून ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य जाळणे होय. रबर, प्लॅस्टिक व धागा ह्या तिन्हींस सूर्यकिरण झिजवितात. आमच्या घरांत लोणच्याच्या फोडी उन्हात आणि पुस्तके सावलीत वाळविण्याचा विवेक पूर्वापार आहे. नावेस पुस्तकांच्या पंक्तीत बसवावे. शिवणींच्या आतील दुमड, टोकांचे निमुळते भाग आणि हवेच्या नळ्यांच्या मागची जागा येथे ओल दडून राहते. तेथे हात घालून पाहिल्याखेरीज नाव वाळली असे म्हणू नये.

उन्हासंबंधी आणखी एक सूचना. हवेच्या नळ्या सकाळच्या गारव्यात ताठ फुगवून नाव काठावर उन्हात ठेविली, तर दुपारी आतील हवा प्रसरण पावून शिवणी उसवण्याचा संभव असतो. जेवणासाठी काठावर उतरल्यास नळ्यांतील थोडी हवा सोडावी.

तिसरे काम घडीचे. घडी सैल असावी आणि दर वेळी त्याच ठिकाणी पडू नये. जुन्या पैठणीची घडी आमच्या आजीबाई वरचेवर मोडून दुसरीकडे घालीत, त्याचे कारण हेच होते. रबरी भागास आतबाहेर शंखजिऱ्याची पूड हलकेच लावावी म्हणजे पृष्ठे एकमेकांस चिकटत नाहीत. पिशवी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी. लाकडी सांगाड्यास वाळवी आणि कापडास उंदीर हे आपल्या घरांतील नित्याचे शत्रू आहेत. जागा असेल तर त्वचा घडी न घालता सैल गुंडाळूनच ठेवणे सर्वांत उत्तम.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलांनी उजनीच्या सहलीहून आल्यावर नाव तशीच बांधून माळ्यावर टाकली आणि दसऱ्याच्या सुटीत ती उघडली. कापडावर काळे ठिपके, लाकडावरील रोगणाचे पापुद्रे, आणि घरभर कुबट वास! माल वाईट निघाला, असा निकाल घरातील सर्वांनी एकमताने दिला. शेवटी गल्लीच्या तोंडाशी सायकलींचे पंक्चर काढणाऱ्या कारागिरास बोलाविले. त्याने कयाक हा शब्दही पूर्वी ऐकला नव्हता. त्याने कापड दोन बोटांत धरून वास घेतला आणि आम्हांकडे वळून विचारले, "मास्तर, हे वलंच गुंडाळून ठिवलं हुतं का वो?" पदवीधरांनी भरलेल्या त्या घरात उत्तर देण्यास कोणी पुढे आले नाही. पुढे त्याच माणसाने ती नाव दुरुस्त केली.

छिद्र, ठिगळ आणि टाका

दुरुस्तीचे पहिले अंग छिद्र शोधणे. त्वचेतील बारीक छिद्रे डोळ्यांस दिसत नाहीत. रात्री खोली अंधारी करून त्वचेच्या आत विजेचा दिवा धरावा आणि बाहेरून पाहावे. जेथे प्रकाशाचा ठिपका चमकेल तेथे खडूने खूण करावी. हवेच्या नळीची गळती साबणाच्या फेसाने कळते. नळी फुगवून वर फेस लावला म्हणजे गळतीच्या जागी बुडबुडे येतात.

दुसरे अंग ठिगळ. ठिगळ छिद्राच्या चारी बाजूंस निदान दोन बोटे पसरेल येवढे असावे, आणि त्याचे कोपरे गोल कापावे. टोकदार कोपरा प्रथम उचलला जातो. जागा पॉलिश पेपरने हलकी खरवडून, पुसून, पूर्ण कोरडी करावी. त्वचा आणि ठिगळ दोन्हींस चिकटद्रव्याचा पातळ थर द्यावा, तो सुकू द्यावा, मग दुसरा थर द्यावा, आणि बोटास चिकटेल परंतु बोटावर येणार नाही अशी अवस्था आली की ठिगळ मध्यापासून कडेकडे दाबीत बसवावे, म्हणजे हवा अडकत नाही. वर लाटणे फिरवून वजन ठेवावे आणि एक अहोरात्र त्यास हात लावू नये. येथे घाईस क्षमा नाही. चिकटद्रव्य निवडताना त्वचा कशाची आहे हे निर्मात्याच्या पत्रकावरून पाहावे. रबराच्या जातीस चालणारा डिंक पीव्हीसीच्या आवरणावर काही दिवसांत मऊ पडून सुटतो. ही द्रव्ये ज्वालाग्राही असतात व त्यांचा वास डोक्यात जातो. म्हणून हे काम अंगणात अथवा गच्चीवर करावे, स्वयंपाकघराजवळ कदापि करू नये.

फाटलेली जागा लांब असेल तर नुसते ठिगळ पुरत नाही. आधी दाभणाने व बळकट धाग्याने दोन्ही कडा एकमेकींस भिडवून टाके घालावे; ते इतके ओढू नयेत की कापडास चुण्या पडतील. मग आतून व बाहेरून ठिगळ लावावे. वरच्या सुती भागास ठिगळ लावताना कापडही सुतीच आणि तितक्याच जाडीचे घ्यावे. भिजले म्हणजे सुताचे तंतू फुगतात व विणीतील रंध्रे आपोआप मिटतात. सुती कापडाच्या नावेचे हे मोठे रहस्य होय. भिन्न जातीचे कापड जोडले तर एक आवळते, दुसरे आवळत नाही, आणि फाट पुन्हा उघडते. १८७७ मध्ये जेथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि जेथील चादरीने देशभर नाव मिळविले, त्या सोलापुरात जाड विणीच्या कापडाची पारख असलेली माणसे अजून आहेत. त्यांना विचारण्यात संकोच कसला?

तिसरे अंग सांगाडा. लाकडी भागावर रोगणाखाली काळा डाग दिसला तर आत पाणी शिरले असे समजावे. तेवढा भाग खरवडून, चांगला वाळवून, पुन्हा रोगणाचे दोन-तीन पातळ हात द्यावे. चीर पडली असेल तर तीत सरस भरून, बाजूस वेळूची कांबीट बसवून, वरून दोऱ्याने आवळावे आणि त्या दोऱ्यावर रोगण पाजावे. वैद्य मोडलेल्या हाडास पट्ट्या बांधतो, तीच ही विद्या. अॅल्युमिनियमची नळी वाकली तर ती एकदाच हळूहळू सरळ करावी. पुन्हा त्याच जागी वाकवून सरळ केल्यास ती तेथे मोडणार हे निश्चित. अशा वेळी आत बसेल अशी बारीक नळी घालून आधार द्यावा, आणि घरी आल्यावर तो भाग बदलावा. सांध्यांस मेणबत्तीचे मेण चोळून ठेविल्यास ते सहज बसतात व निघतात.

प्रवासात बरोबर लहानशी थैली असावी: रुंद चिकटपट्टी, दाभण, मेण लावलेला धागा, तयार कापलेली चार ठिगळे, सुतळी आणि नळीचा एक तुकडा. उजनीच्या पाण्यात ही थैली नसणे धोक्याचे आहे. जलाशय भरताना जी गावे पाण्याखाली गेली, त्यांच्या भिंती, पार आणि विहिरींचे कठडे तेथेच आहेत. पाणी उतरले की पळसदेवचे प्राचीन मंदिर वर येते, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. पाणी उतरण्याच्या दिवसांत हे दगड पृष्ठभागाखाली वीतभर अंतरावर असतात आणि वरून दिसत नाहीत. काठाने वेड्या बाभळीचे काटे असतात, ते वेगळेच. नावेच्या तळाशी लांबीच्या दिशेने रबरी पट्ट्या चिकटवून घेतल्यास झीज पट्टीवर पडते व त्वचा वाचते. पट्टी झिजली म्हणजे बदलावी. ती झिजण्यासाठीच असते.

जीव आणि जबाबदारी

निगा राखलेली नावही वाऱ्यापुढे लहानच असते. २१ मे २०२४ रोजी करमाळे तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी प्रवासी नाव अकस्मात सुटलेल्या वादळी वाऱ्यात उजनीच्या जलाशयात उलटली आणि सहा जीव गेले. ती घडीची नाव नव्हती; परंतु वारा नावेची जात विचारीत नाही. वैशाखातील दुपारनंतर आभाळ काळवंडू लागले की काठ धरावा. तरंगते जाकीट अंगात घातल्याखेरीज, पोहता येत असले तरी, नावेत पाऊल ठेवू नये. पाण्यात उतरण्यापूर्वी हवेच्या नळ्या, शिवणी आणि सांधे ह्यांवरून एकदा हात फिरवावा. जेथे हात फिरतो तेथले दोष आधी कळतात. ज्या घरातील मुले पाण्यावर जातात, तेथे ही पाहणी मुलांकडूनच करवून घ्यावी. आपला जीव ज्या टाक्यावर आहे तो टाका आपण पाहिला पाहिजे, हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

आमच्या सुशिक्षित घरांत ग्रंथास हात जोडण्याची रीत आहे, ती योग्यच आहे. खंडेनवमीस आम्ही कात्री, अडकित्ता आणि आता संगणकासही हळदकुंकू वाहतो, हेही योग्य. परंतु ज्यांच्या हातांत सुई, आरी आणि वेळू असतो, त्यांच्या विद्येस आम्ही विद्या म्हणावयास शिकलो नाही. पंढरपुराच्या वाळवंटात होड्या उपड्या घालून त्यांस डांबर देणारा कोळी, टोपली विणणारा बुरूड, कातडे शिवणारा चर्मकार आणि गल्लीतील पंक्चरवाला ही ह्या विषयाची विद्यापीठे आहेत. चर्मकरंडाचा उल्लेख अर्थशास्त्रात सापडला म्हणून आम्हांस अभिमान वाटतो. पण तो विणला कोणी आणि त्यास टाका घातला कोणी, हे विचारण्याइतका तो अभिमान खोल जावयास हवा.

नाव कशी घ्यावी हे दुकानदार सांगेल, ती कशी चालवावी हे प्रशिक्षक शिकवील. ती कशी राखावी हे मात्र घरानेच शिकावे लागते. कारण नाव पाण्यावर चार दिवस असते आणि उरलेले वर्षभर घरात. येत्या नारळी पौर्णिमेस किनाऱ्यावरचे कोळी बांधव आपल्या नावा रंगवून, डागडुजी करून समुद्रास नारळ अर्पण करतील. ज्यांच्या माळ्यावर घडीची नाव असेल, त्यांनी त्या दिवशी ती खाली काढावी, उघडावी, आणि आत हात घालून एवढेच पाहावे की, ती कोरडी आहे ना.